दोन खिडक्यांमधली टाचणी

शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची थोरली जाऊ समोरासमोरच्या घरांत राहत. मधली गल्ली इतकी अरुंद, की खिडकीतून हात लांबवला की कात्री या घरातून त्या घरात जाई. भांडणेही त्याच वाटेने जात आणि दुपारपर्यंत मिटत.

वस्तीच्या जागी उंच इमारती बांधायचे ठरले, तेव्हा नियोजन कार्यालयाने रहिवाशांचे मत मागवले. टेबलावर नकाशा पसरला होता. बाग हवी त्याने हिरवी टाचणी टोचायची, दवाखान्यासाठी लाल, वाहनतळासाठी पिवळी. बाईने हाताला लागली ती पिवळी उचलली आणि दोन्ही घरांच्या मधोमध टोचली. कापडाचे दोन तुकडे एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून टाचणी लावायची, हाच तिचा आयुष्यभराचा हिशेब.

"अगं, रंग तरी बघायचास!" जाऊ म्हणाली.

"जाऊबाई, टाचणीचा रंग कोण बघतं? धरून ठेवलं म्हणजे झालं!"

एका टाचणीने वाहनतळ झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण बाईची मागणी नोंदली गेली ती वाहनतळाचीच.

आता दोघी समोरासमोरच्या इमारतींत, नवव्या मजल्यावर राहतात. मध्ये प्रशस्त वाहनतळ आहे. भिंती कोरड्या, पाणी भरपूर. तक्रारीला जागा नाही. जाऊ रोज फोन करते, पण फोनवर भांडण काही रंगत नाही. दोघी परक्यांसारख्या एकमेकींची ख्यालीखुशाली विचारतात.

फोन ठेवल्यावर बाई खिडकीशी येते. पलीकडच्या खिडकीत जाऊ उभी दिसते, तिचे ओठ हलल्यासारखे वाटतात.

"काय म्हणताय, जाऊबाई?" ती काचेआडून विचारते आणि बराच वेळ तिथेच थांबते.