किल्लेदार आणि म्हैस न उचलणारी बाई

सरांनी माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं फुली मारली आणि ते पान वर्गाकडं फिरवून धरलं. एम. ए. मराठीचं दुसरं वर्ष. आम्ही अकरा जण.

"बघा. यांच्या मते मेलेली म्हैस न उचलणं म्हणजे धाडस. मग आमच्या गल्लीत सगळेच शूर की!"

वर्ग हसला. मीही हसले. ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही. मग सर माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ. "शौर्य रक्तात असावं लागतं, बाई. तुमच्याकडं असते ती सहन करायची सवय."

तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं, ते अकराही जणांना कळलं.

सरच माझे मार्गदर्शक, विषय त्यांनीच मंजूर केला होता. दोन कादंबऱ्यांतलं धाडस. पहिलीत एक किल्लेदार आहे. अंगावर जखमा झेलत दरवाजा लढवतो आणि तिथंच पडतो. सर पन्हाळ्याकडचे, या कादंबरीवर गावोगाव व्याख्यानं देतात. शेवटी टाळ्या, फेटा, नारळ. दुसरीतली बाई गावची मेलेली जनावरं ओढते. एका सकाळी पाटलाच्या दारात म्हैस मरते आणि ही म्हणते, न्हाय उचलत. तिथंच बसून राहते. गाव तिचं पाणी बंद करतं.

खोटं कशाला सांगू, किल्लेदारही मला आवडायचा. दरवाजाकडं निघण्याआधी तो पाणी मागतो आणि त्याच्या हातातलं भांडं थरथरतं. सर व्याख्यानात तेवढा परिच्छेद गाळायचे. मी लिहिलं होतं, दोघंही घाबरलेले आहेत. पण किल्लेदार पडतो तेव्हा बघायला फौज आहे, मागं पोरांना वतन आहे. बाईला उद्या त्याच गावात उठायचंय, त्याच विहिरीवर जायचंय. म्हणून तिचं धाडस मला मोठं वाटतं. एवढंच लिहिलं होतं.

सर म्हणाले, निष्कर्ष बदल, नाहीतर सही नाही. सही नाही म्हणजे पदवी नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. आई पेठ वडगावच्या बाजारात झाडलोट करते. "मी धरला झाडू, तू धरायचा न्हाईस," एवढंच तिचं माझ्याकडं मागणं. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. कुणाला सांगावं कळेना. पाचव्या दिवशी बसले आणि स्वतःच्या बोटांनी टाइप केलं, 'दुसऱ्या कादंबरीत धाडस नसून केवळ असहायता आहे.' सरांनी सही केली, पाठ थोपटली.

आईला वाचता येत नाही. ती दुसरी कादंबरी मी तिला रोज थोडी थोडी वाचून दाखवली होती. प्रबंधही तसाच वाचायचे. त्या संध्याकाळी बदललेलं पान वाचलं. ती मेथी निवडत होती.

"मग ती बाई नुस्ती बसली हुती म्हणायचं?"

"आई, तसं लिहावं लागतंय."

"का?"

मी पान फाइलमध्ये सरकवलं. ती परत मेथी निवडायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच किळस आली. सरांनी पानावर फुली मारली होती, मी तर त्या बाईवरच मारली होती.

मग तोंडी परीक्षा. आमच्या विभागाची रीत अशी की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विद्यार्थ्याला विचारायचं आणि उत्तर मार्गदर्शकानं द्यायचं. विद्यार्थ्यानं मान हलवायची आणि नंतर सगळ्यांना नाश्ता द्यायचा. परीक्षक मॅडमनी विचारलं, "हा निष्कर्ष तुमचाच ना?"

"तिचाच," सर म्हणाले.

"न्हाय."

पाच वर्षं कॉलेजात तोलून मापून बोलत आले होते. त्या क्षणी घरचीच भाषा तोंडात आली. "माझा न्हाय त्यो. माझा ह्यो हाय." पिशवीतून फुलीचं पान काढून टेबलावर ठेवलं.

सर खुर्चीतून उठले. "अशांना वर आणलं की हे असं होतं!"

मॅडमनी पान वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलेल. त्यांनी पान मला परत दिलं आणि फाइल मिटली. "सही असलेलाच प्रबंध आम्ही तपासतो. तो तुमचा नसेल, तर तुम्ही नापास." मग मी आणलेली मिसळ त्यांनी माझ्यासमोर बसून खाल्ली.

आज मी नापास आहे. पहाटे बाजारात आईच्या शेजारी झाडू मारते. ती माझ्याकडं बघत नाही, मी तिच्याकडं बघत नाही. दिवसा दुसरा मार्गदर्शक शोधते. तिघांनी नको म्हटलं, तेही चहा पाजून, गोड बोलून. उरलेल्यांकडंही जाणार. निष्कर्षातला एक शब्द बदलणार नाही. कुणीच सही दिली नाही, तर सहीची जागा कोरी ठेवून प्रबंध दाखल करणार. तो का घेत नाही, ते विभागानं सांगावं. तोंडी नको. कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं.