चार नंबरच्या खाटेवरचं ताट

सातवीच्या फायनलला मी भोरच्या मुलींत पहिली आले, आणि तेव्हा जे माझं नाक वर गेलं ते पुण्याच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला जाईपर्यंत खाली आलंच नाही. वडील संस्थानच्या शाळेत मास्तर. मोटारीत बसवताना त्यांनी एकच सांगितलं, "नंबर सोडू नकोस." आईनं दशम्यांचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

नसरापूरच्या फाट्यावर एक मुलगी भावाबरोबर धुळीत उभी होती. गुंजवण्याहून पहाटे निघून दोघं चालत आली होती. शेतकऱ्याच्या घरातली, लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेलेला, सातवी दुसऱ्या खेपेला कशीबशी पास. तीही माझ्याच इस्पितळात निघाली होती. शेजारी बसल्याबसल्या मी तिला आधी मार्क विचारले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पहिले तीन महिने उमेदवारीचे. मग लेखी परीक्षा, आणि नापास होईल तिला घरी पाठवायचं, असा मेट्रनबाईंचा नियम. मी शरीरातली हाडं परवचा म्हणावा तशी घडाघडा म्हणायचे. तिला ती काही केल्या पाठ होत नसत. फळ्यावर निकाल लागला. मी पहिली, ती नापास. शनिवारी तिनं निघायचं होतं. खाटेवर बसून ट्रंक आवरताना ती म्हणाली, "भावजय चुलीपाशी बसू दील, पर मानसांत न्हाई धरायची." हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात चार नंबरच्या खाटेवर वेल्ह्याकडची एक म्हातारी होती. तापातून उठलेली, पण तीन दिवस तिचं ताट भरलंच्या भरलं परत जात होतं. मी तिला आहाराचं महत्त्व समजावलं, धड्यात होतं तसंच्या तसं. ती मान डोलवायची आणि कुशीवर वळायची. मग मी तक्त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहायचे, 'भूक नाही'. डॉक्टर काळजीत पडले होते.

गुरुवारी दुपारी ती गुंजवण्याची मुलगी माझ्या मदतीला आली. तिनं ताटाकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. व्हरांड्यात घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता. तीन दिवस मीही त्याच्या बाजूनंच वॉर्डात येत होते.

"आजे, म्हातारबा जेवलं का?" तिनं विचारलं.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यास्नी हितं कोन वाढतंय, बाये? आनलेली भाकर कवाच सरली. आन् त्यांच्या आदी म्या कसा घास घिऊ?"

इस्पितळात जेवण फक्त रोग्याला मिळे. ही धावत गेली, खानावळीतलं आपलं स्वतःचं जेवण आणून म्हाताऱ्यापुढं ठेवलं, आणि म्हातारीला आधार देऊन खिडकीतून दिसेल असं बसवलं. जेवून त्यानं हात धुतले, तशी म्हातारीनं ताट पुढं ओढलं. एक शीत ठेवलं नाही.

संध्याकाळच्या फेरीत मेट्रनबाईंनी तक्ता पाहिला. 'सगळं जेवल्या.' अक्षर माझं. "शाबास," त्या मला म्हणाल्या, आणि मी गप्प राहून ती शाबासकी घेतली. रात्री खानावळीत जेवायला बसलो. माझ्या समोर ती दुपारची उपाशी, मिटक्या मारत जेवत होती.

सकाळी मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"तिनं काय केलं ते कळलं," त्या म्हणाल्या. "तू तीन दिवस काय करत होतीस?"

"लिहीत होते."

त्यांनी निकालाचा कागद पुढं ओढला. "तिला एक महिना देते. हाडं तू शिकवायचीस. पुन्हा नापास झाली तर जाब तुला विचारीन."

शिकवली. इस्पितळामागच्या चिंचेखाली बसून, एकमेकींवर चिडत, चिंचा खात. ती काठावर पास झाली. पुढं एखादा रोगी कुणाचं ऐकेना, की सगळे तिलाच हाक मारत. मला तक्ते भरायला बोलवत. हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू? पण आता फिनेलचा वास आला की ती चिंच आठवते, तिचं हसणं आठवतं, आणि ते दिवस पुन्हा मिळावेत असं फार वाटतं.

त्या दिवाळीत भोरला गेले. पाटावर बसताच वडिलांनी विचारलं, "कितवा नंबर?"

"लेखीत पहिला."

ते खूश झाले. वॉर्डातला त्यांनी विचारला नाही.

आई वाढत होती. भात घालताना तिचा हात माझ्या हाताला लागला, तो तापानं चांगलाच गरम होता.

"आई, तू बस ना आमच्याबरोबर."

"तुमचं होऊ दे," ती म्हणाली. "मला भूक नाही गं."

जन्मापासून हे मी रोज ऐकत होते आणि खरं मानत होते. मी ताट बाजूला सारलं, वडील हात धुवून उठेपर्यंत तशीच बसून राहिले, आणि मग आईचं पान माझ्या पानाशेजारी घेतलं.