जिची गाडी, तिचे पाय

राजूरच्या सायकलवाल्या शेठजींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्यांची नजर थेट खाली जायची. "चपला काढा, भिंतीला टेकून उभं ऱ्हावा," म्हणत ते टेप काढायचे. बाईमाणूस असेल तर माप घ्यायला आतून शेठाणी यायच्या. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोलणं आमच्यापेक्षा ठसक्याचं. गावानं त्यांचं नाव 'शिंपीशेठ' पाडलं होतं.

माप झालं की उलटतपासणी. "रोज कुठं जाता? चढ किती? मागं काय बांधता?" दूधवाल्यानं कितीही हट्ट केला तरी त्याला जाड टायरची, भक्कम गाडीच मिळायची. बँकेतल्या एका नव्या साहेबांना झुकलेल्या हँडलची, पातळ टायरची सायकल हवी होती. शेठजी म्हणाले, "साहेब, ही फोटोत बराबर दिसती. आपल्या रस्त्यानं दोन महिन्यांत खुळखुळा व्हईल तिचा." साहेब तणतणत जालन्याला गेले आणि तिथून तसलीच घेऊन आले. दिवाळीच्या आत ती वाकड्या चाकासह शेठजींच्याच दुकानात दुरुस्तीला आली. शेठजी एक शब्दही बोलले नाहीत, याचाच साहेबांना जास्त राग आला.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे पाच किलोमीटरवर राजूर. ताई पाचवीत गेली तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिच्यासाठी सायकल घ्यायला निघाले आणि बरोबर मला घेतलं. ताईला नाही.

"चालवणार कोण?" शेठजींनी विचारलं. पोरगी, असं कळल्यावर म्हणाले, "मंग तिला आणा. जिची गाडी, तिचे पाय."

"पोरीला काय इचारायचं?" अण्णा म्हणाले. "ह्याच्या कानाएवढी हाय ती." मी ताईपेक्षा वर्षानं लहान, पण अंगानं थोराड.

"मंग वीस इंची लागंल."

"बावीसची द्या. वाढतं अंग हाय."

आमच्या घरात सगळंच वाढत्या अंगाचं यायचं. गणवेशाला चार बोटं दुमड, चपलेत चिंधी. शेठजींनी हात जोडले. "अण्णा, कपडा दुमडता येतो. गाडी न्हाई दुमडता येत."

"तुम्ही न्हाई देत तर दुसरा दील."

दुसऱ्यानं तर नुसतीच विकली असती. शेठजींनी सीट तळाला बसवली, पेडलला लाकडी ठोकळे ठोकले आणि तीनदा बजावलं, "महिन्याभरात पोरीला घेऊन या." अण्णा काही घेऊन गेले नाहीत.

ताई नाल्याच्या उतारावर दोनदा पडली. पाय टेकायला जावं तर जमीन लागायची नाही. तिसऱ्यांदा मनगट मोडलं. "हिला झेपत न्हाई," अण्णा म्हणाले, आणि ताईची शाळा संपली. पाहुण्यारावळ्यांत मात्र ते सांगत, "शेठनं मोठी गाडी गळ्यात मारली." मी तिथंच बसलेलो असायचो. अण्णांपुढे बोलायची माझी टाप नव्हती, असं म्हणायची सोय आहे. खरं म्हणजे बोलावंसं मला वाटलंच नाही.

पुढच्या जूनमध्ये ती सायकल मी चालवू लागलो. शेठजींनी एका सकाळी रस्त्यातच अडवलं. माझे पाय पाहिले, गाडी पाहिली. "बहीण कुठं हाय?" मी सांगितलं. ते आत गेले आणि एक रुंद कॅरिअर आणून स्वतः बसवलं, वर गोणपाटाची गादी बांधली. म्हणाले, "एकच साल गेलंय तिचं. उद्यापासून मागं बसवून आण. अण्णाला सांग, मी बोललोय म्हणून."

मी सांगितलं नाही. मोठी बहीण माझ्याच वर्गात बसणार, पोरं हसणार, आणि चढावर दम माझाच निघणार. कॅरिअरवर मी दप्तर बांधलं. शेठजी रोज दुकानातून बघायचे. आठवडाभरानं त्यांनी पुन्हा विचारलं, तर मी म्हणालो, "अण्णा न्हाई म्हणले." त्यांनी मान खाली घातली. पुढं दहावीपर्यंत ते माझी पंक्चर काढून देत, पण माझ्याशी बोलले नाहीत.

मी शिकलो, जालन्यात कचेरीत लागलो. ताई सतराव्या वर्षी तीर्थपुरीला नांदायला गेली. गेल्या महिन्यात शेठजी वारले. मातीला जाऊन आलो आणि दोन दिवसांनी ताईला भेटलो तेव्हा ते सांगितलं.

ती तूर निवडत होती. हात थांबले. "गेलेल्या माणसाला वाईट बोलू न्हाई," ती म्हणाली, "पण माझी शाळा त्यानंच घालवली. अण्णा भोळे. मोठी गाडी गळ्यात मारली त्यांच्या. तू तर सोबत गेल्ता न? तुला ठावं हाय."

"हो," मी म्हणालो.

तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, आता शेठजीही गेले. खरं काय ते जाणणारा मी एकटाच उरलोय, आणि तो चहा मी पूर्ण प्यालो.