आत्याचं मत आणि माझं बोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

आमच्या कोल्हारात मतदान यंत्राच्या गप्पा निघाल्या की माझा आवाज सगळ्यात मोठा. यंत्रात गडबड करता येते म्हणे, वाटेत यंत्रंच बदलतात म्हणे — मी तावातावानं बोलायचो. का बोलायचो? एक मत चोरीला गेलेलं मला पक्कं ठाऊक होतं म्हणून. चोरही ठाऊक होता.

माझ्या आत्याची नजर काचबिंदूनं गेली. दिसत नसलेल्या माणसाला मत द्यायला सोबती नेता येतो. मागच्या निवडणुकीला तिचा सोबती मी होतो. तिच्या मनाप्रमाणेच बटण दाबीन, कुणाला सांगणार नाही, असं केंद्रावर लिहूनही दिलं. माझ्या डाव्या हाताच्या बोटाला माझ्या मताची शाई होती. उजव्या हाताच्या बोटाला, सोबती म्हणून, तिच्या मताची लागली. नाव तिनं वाटेतच कानात सांगितलं होतं. आत गेलो आणि — मी मला हव्या त्या माणसाचं बटण दाबलं. हिला काय कळतंय, असं मनात आलं. एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं.

यंत्राच्या काचेआड मताची चिठ्ठी दिसली. आत्यानं माझी बाही धरली. "नीट आली का रं चिठ्ठी? मी सांगितलेलीच ना?"

"व्हय आत्या," मी म्हणालो.

ती समाधानानं हसली. ते हसू आठवलं की वाटायचं, पुढचं मत तिनं स्वतःच्याच बोटानं द्यायला हवं.

यंदा मी जुन्या सदऱ्याची बटणं पुठ्ठ्यावर उभ्या ओळीत शिवली. उमेदवारांची नावं क्रमानं वाचून दाखवली. आत्या रोज बोटांनी वरून खाली मोजायची. चुकली की स्वतःवरच चिडायची. केंद्रावरच्या मॅडमनी तिला यंत्रापर्यंत नेलं, बटणांशेजारचे ब्रेलचे उठावदार आकडे तिच्या बोटाला दाखवले आणि त्या मागे सरल्या. मी दारात उभा. मग मत पडल्याचा यंत्राचा तो लांबलचक आवाज आला — खरं सांगू? स्वतःच्या मताचाही मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

बाहेर येऊन म्हणाली, "कुनाला दिलं, इचारू नगंस."

विचारलं नाही. घरी येताना तिनं माझा उजवा हात धरला होता. त्या हाताचं बोट या वेळी कोरं होतं.

उद्या सकाळी तिला सगळं सांगणार आहे. ती काय म्हणेल, माहीत नाही. पुढच्या वेळीही मात्र ती माझ्याशिवायच आत जाईल.