शेवंताताईंचा माठ

शेवंताताई गेल्याचा निरोप मला मनमाडला ऑफिसात मिळाला. फोनवर धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "आक्का, आपल्या बालवाडीच्या ताई गेल्या." हातातलं काम टाकून मी नाशिकची गाडी धरली. महिना होऊन गेला, पण त्यांची आठवण आली की रडण्याआधी अभिमानच दाटून येतो... ही बाई आमच्या वस्तीची होती, याचा.

त्यांनी वस्तीतल्या बुद्धविहारात बालवाडी सुरू केली तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्ही चार-पाच वर्षांची शेंबडी पोरं होतो. गाणी आणि गूळ-शेंगदाणे सगळ्याच बालवाड्यांत असतात, आमच्याकडे एक माठ होता. तळाला चीर गेलेला, पाण्याच्या कामाचा नाही. घरून कुणी मार खाऊन, रुसून आलं की ताई म्हणायच्या, "जा, त्याला सांगून ये." माठात तोंड घालून बोललं की आपलंच रडगाणं घुमून परत यायचं आणि हसू फुटायचं. मग मात्र तेच ताईंजवळ बसून हळू आवाजात सांगावं लागे. त्यातून सुटका नव्हती.

पुढे बारावीला नापास झाले आणि मी जेवण सोडलं, बोलणंही सोडलं. आई घाबरली, तिनं ताईंना निरोप धाडला. भर दुपारी ही बाई माठ कमरेवर घेऊन आमच्या गल्लीत आली. बायकांना वाटलं, नळाला पाणी आलं. माठ माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बोल. मी दारात बसते." बऱ्याच वेळानं मी वाकले. "मला जगायचं नाही..." माठ घुमला. या वेळी हसू आलं नाही. ताई आत आल्या, माझा हात धरला. "लय मोठ्यांदा बोलतो हा. आता मला हळू सांग." दिवेलागणीपर्यंत मी सांगत होते आणि मग दोन घास जेवले.

आमच्या बालवाडीतल्या कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, पण गप्प राहून आतल्या आत कुणी कुजलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते.

परवा विहारात गेले. नव्या बाई होत्या, माठ मात्र जागेवर होता. पोरांच्या मागे रांगेत उभी राहिले. पाळी आल्यावर वाकून म्हणाले, "ताई गेल्या." माठ घुमला, आणि मला उठवेना. शेजारी सतरंजीवर बसलेल्या एका चिमुरडीनं माझा पदर ओढला, जरा सरकून जागा केली आणि म्हणाली, "आता मला हळू सांग."