बाण आपोआप हलला

रोह्याच्या कारखान्यातली ती दुपार इतकी वर्षं उलटली तरी माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून, दरोडे, जळितं पुष्कळ पाहिली. पण आरोपीचा जबाब ऐकून सगळं ठाणं हसलं आणि शेवटी तोच जबाब शब्दाला शब्द खरा निघाला, असं माझ्या बाबतीत एकदाच घडलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोहा पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. गावाबाहेर रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिकडून फोन आला की बहुधा आग, नाहीतर गळती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर एका कंपनीतून फोन आला. "माणूस गेलाय, लवकर या," एवढंच बोलून पलीकडच्याने फोन ठेवला.

माल ढवळण्याची दोन पुरुष उंचीची लोखंडी टाकी होती. आत रुंद पात्यांचा पंखा. माल काढून घेतला की टाकीच्या भिंतींना खपल्या चिकटून राहतात. त्या खरवडायला एक कामगार शिडीने आत उतरला होता आणि तो आत असताना पंखा फिरला. पुढचं वर्णन मी पंचनाम्यात केलं आहे, ते इथे करत नाही. मयत पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा. मूळचा मिठागरातला मजूर. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, म्हणून ठेकेदारामार्फत कंपनीत लागला आणि मग इथेच राहिला. मागे बायको आणि म्हातारे आईवडील.

पंखा चालू-बंद करायची सोय शेजारच्या काचेच्या कॅबिनमध्ये, एका कॉम्प्युटरवर होती. पडद्यावर टाकीचं चित्र, त्याखाली बटणं. माऊसने बाण बटणावर न्यायचा आणि दाबायचं. कॅबिनमध्ये त्या वेळी एकटा पॅनल ऑपरेटर होता, चाळिशीचा, रोह्याच्याच खाडीपट्ट्यातला. आम्ही पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि कामगार त्याच्याभोवती कडं करून उभे होते. त्याचा शर्ट फाटलेला होता.

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, याचं आणि मयताचं कालच कँटीनमध्ये भांडण झालं. सगळ्यांसमोर. 'तुला बघून घेईन' म्हणाला होता हा. आणि पंखा फिरल्याबरोबर कॅबिनमधून पळाला."

साक्षीदार तपासले. भांडण खरं होतं. मयताला कायम करायचं घाटत होतं आणि त्याआधी ऑपरेटरच्या भावाचा नंबर लागायला हवा होता, अशी काहीतरी कुरबुर. पळताना चौघांनी पाहिलं होतं. हेतू मिळाला, संधी मिळाली, घटनेनंतरची वागणूक मिळाली. अकस्मात मृत्यूची नोंद बदलून मी कलम ३०२ खाली गुन्हा दाखल केला आणि ऑपरेटरला अटक केली. मॅजिस्ट्रेटनी पोलीस कोठडी दिली.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"सायब, मी हात लावला नाय. मी डबा उघडून जेवत व्हतो. पडद्यावरचा बाण आपोआप हलला. बटनावर गेला आनि पंखा चालू झाला."

"आपोआप?"

"व्हय. मानूस आत उतरलेला मी काचेतून बघितला व्हता. मी माऊस धरला, बंदच्या बटनावर न्यायला बघितला. तो माझ्या हाताला ऐकंना. म्हनून मेन स्विच पाडायला मी पलीकडं धावलो."

हवालदार हसले. एकजण म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटरात भूत शिरलंय." लॉकअपवरच्या शिपायापासून कोर्टाच्या आवारापर्यंत ती गोष्ट विनोदासारखी पसरली.

मी हसलो नाही. शहाणपण म्हणून नव्हे, सवयीमुळे. खोटं बोलणारा माणूस आपलं खोटं रोज थोडं सुधारतो. आपण जिथे शंका काढतो तिथे दुसऱ्या दिवशी ठिगळ लावून येतो. हा माणूस काहीच सुधारत नव्हता. दुसरं असं, की स्वतःला वाचवायला कुणी इतकं टाकाऊ खोटं निवडत नाही. "चुकून हात लागला" म्हणाला असता तरी तीनशे दोनमधून सुटायची वाट होती. मी तसं सुचवूनही पाहिलं. तो म्हणाला, "पर हात लागलाच नाय, तर कसा सांगू?"

त्याच सुमारास ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हती. मागे एसटी स्टँडची गडबड ऐकू येत होती.

"साहेब, कॅबिनमधल्या कॉम्प्युटरशेजारी एक काळी डबी होती. टेलिफोनच्या वायरीला जोडलेली, बारीक दिवे लागायचे. तुम्ही गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी ती काढून नेली."

"तुम्ही कंपनीत आहात?"

"मला नोकरी आहे तिथे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा शोध मी कधीच घेतला नाही. खबर देणाऱ्याचं नाव कळून तपास पुढे जाणार नसेल, तर ते न विचारलेलं बरं.

घटनास्थळाचे फोटो मागवले. एका फोटोच्या कोपऱ्यात ती डबी स्पष्ट दिसत होती. जीप घेऊन कंपनीत गेलो. तिच्या जागी आता नुसती भिंतीतून आलेली वायर लोंबत होती. मॅनेजरला विचारलं.

"ते होय, मोडेम. बिघडलं होतं, दुरुस्तीला पाठवलं."

"ते कशासाठी लागतं?"

"कॉम्प्युटर अडला तर मदत मिळते. ज्यांनी तो बसवला त्यांचं पेणला ऑफिस आहे."

त्याने ते सहज सांगितलं खरं, पण दुरुस्तीची पावती मागितल्यावर टेबलावरचे कागद उगाच चाळत राहिला. त्याला ठाण्यात थांबवून घ्यायला सांगितलं आणि मी थेट पेण गाठलं.

रामवाडीत हायवेजवळ एका दुकानावरची खोली. दोन कॉम्प्युटर, एक टेलिफोन. कॉम्प्युटर विकणाऱ्या फर्मची ही मदतीची जागा, आणि ती सांभाळणारा इंजिनिअर एकटाच. तिशीचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. युनिफॉर्म पाहून उठून उभा राहिला. मी केसचं काहीच बोललो नाही. तुमचं काम कसं चालतं ते दाखवा, म्हटलं.

त्याने अलिबागच्या एका कार्यालयाला फोन केला, परवानगी घेतली, मग मोडेमवरून तिथला नंबर लावला. डबी किंचाळल्यासारखी वाजली. थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावर दुसराच पडदा उमटला. अलिबागला बसलेला कुणीतरी टाइप करत होता आणि त्याची अक्षरं पेणला आमच्यासमोर एकेक उमटत होती. मी असं काही प्रथमच पाहत होतो.

"आता तुम्ही इथून काय करू शकता?"

"सगळं, साहेब. तो तिथे बसून जे करतो ते सगळं. हवं तर त्याचा माऊस बंद करून ठेवता येतो, मध्येच त्याने काही दाबू नये म्हणून."

त्याने माऊस फिरवला. पडद्यावरचा बाण वर सरकला.

"तिकडच्या माणसाला आता काय दिसतंय?"

"बाण हलताना दिसतोय."

"कसा?"

"आपोआप..." एवढं बोलला आणि थांबला. माऊसवरचा हात त्याने उचलून मांडीवर ठेवला. अशा वेळी अधिकाऱ्याने गप्प बसावं, माणूस स्वतःच पुढे येतो.

"मला टाकीत माणूस आहे हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

रोह्याला आणून त्याचा सविस्तर जबाब घेतला. त्या सकाळी मॅनेजरने त्याला फोन केला होता. ढवळण्याची वेळ पडद्यावर चुकीची दिसते, जेवणाच्या सुट्टीत प्लँट बंद असेल, तेव्हा लाइनवर येऊन दुरुस्त कर. त्याच मॅनेजरने त्याच सुट्टीत टाकी साफ करायला माणूस उतरवला होता. टाकीत माणूस आहे हे इंजिनिअरला सांगितलं नाही, इंजिनिअर लाइनवर येणार हे टाकीतल्याला सांगितलं नाही आणि ऑपरेटरला तर काहीच सांगितलं नाही. माणूस टाकीत उतरण्याआधी पंख्याचा फ्यूज काढायचा नियम होता. इलेक्ट्रिशियन जेवायला गेला होता आणि संध्याकाळी नवा माल भरायची घाई होती.

"तिकडचा माऊस बंद ठेवून वेळ दुरुस्त केली आणि चालते का ते बघायला बटण दाबलं," इंजिनिअर म्हणाला. "थोड्या वेळाने लाइन तुटली. मला वाटलं, टेलिफोनचाच घोटाळा. मला पडदा दिसतो साहेब, टाकी दिसत नाही."

लाइन आपोआप तुटली नव्हती. ऑपरेटरने मेन स्विच पाडला होता.

"संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. 'तू आज लाइनवर आलाच नव्हतास, लक्षात ठेव,' म्हणाला. मग पेपरात वाचलं."

"ऑपरेटर खुनाच्या गुन्ह्यात आत आहे, हेही वाचलंत?"

"हो."

"मग?"

"दोनदा एसटीने रोह्याला आलो. तुमच्या ठाण्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलो." मग त्याने विचारलं, "टाकीतल्या त्या माणसाचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. त्याने ते हळूच एकदा उच्चारलं.

टेलिफोन एक्स्चेंजकडून पेणच्या त्या कॉलला दुजोरा मिळाला. मोडेम मॅनेजरच्या घरातून जप्त केलं. खुनाचं कलम काढून इंजिनिअर आणि मॅनेजर दोघांवर हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचं ३०४-अ लावलं, मॅनेजरवर पुरावा नाहीसा केल्याचंही. ऑपरेटरला सोडण्याचा अहवाल कोर्टात दिला.

सुटल्यावर तो घरी गेला नाही, ठाण्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. "सायब, गावात माझा कोन ऐकनार? तुमीच चला. आदी त्याच्या घरी चला."

आम्ही मयताच्या गावी निघालो. वाटेत जीपमध्ये तो एकदाच बोलला.

"एक गोष्ट तुमाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी फासावरच गेलो असतो."

"काय?"

"स्विचकडं धावताना टाकीजवळनं गेलो. आतून तो माझं नाव घेऊन वरडत व्हता. 'बंद कर रे, माझी चूक झाली, बंद कर.' त्याला वाटलं मीच चालू केला. आदल्या दिवसाच्या भांडनाचा राग म्हनून." त्याने तोंड बाहेर वळवलं. "तो तसाच समजून गेला, सायब."

मयताच्या ओट्यावर गाव जमलं होतं. मी सगळं सांगितलं. मयताची बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हंजे पेनला बसून मारला?" तिने विचारलं. "बाजाराला आमी जातो, त्या पेनला?"

"मारायचं म्हणून नाही, बाई. त्याला दिसलं नाही."

ओट्याखाली उभ्या असलेल्या ऑपरेटरकडे तिने पाहिलं आणि त्याला वर येऊन बसायला सांगितलं. तो वर आला नाही. हात जोडून उभा राहिला.

खटला बरीच वर्षं चालला. इंजिनिअरने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. मॅनेजर वरच्या कोर्टात सुटला. ऑपरेटरला कंपनीने परत बोलावलं होतं, तो गेला नाही. खाडीत मासेमारी करू लागला, एवढं नंतर कानावर आलं.

त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी एकच सांगत आलो. आरोपी जे सांगतो ते वेड्यासारखं वाटलं, तरी त्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याच शब्दांचा तपास करा. त्याचा अर्थ आपल्या डोक्यातून लावू नका. या एका नियमाने पुढे दोन निरपराध माणसं वाचली.

पण तपासाला सीमा असते, हेही मला त्याच केसने शिकवलं. ऑपरेटर निर्दोष आहे हे मी कोर्टाला पटवलं, कंपनीला पटवलं, गावाला पटवलं, त्या बाईलाही पटलं. ज्या एका माणसाला ते पटायला हवं होतं, त्याच्यापर्यंत जाणारा अहवाल पोलीस खात्यात कुणालाच लिहिता येत नाही.