हौशीरामाच्या इमानाची बारी

हौशीराम हवाई दलात होता तेव्हा गावाला वाटायचं, हा विमान चालवतो. प्रत्यक्षात तो विमानांच्या चाकांत हवा भरायचा. हे त्याने कधी लपवलं नाही आणि गावाने कधी ऐकून घेतलं नाही. निवृत्त होऊन मंचरजवळच्या आमच्या गावी परतला तो ‘पायलट’ म्हणूनच, आणि डोक्यात एकच खूळ घेऊन: गावात लढाऊ विमानांचं संग्रहालय काढायचं. आमची जुनी माणसं विमानाला ‘इमान’ म्हणतात. “हौशीराम गावात इमान आणतोय” असं कळल्यावर दोन माजी सरपंच उगाच अस्वस्थ झाले.

कैक वर्षं अर्ज-विनंत्या करून एक जुनं विमान मंजूर झालं. इंजिन काढलेलं, चाकं शाबूत. अट एकच: आलेल्या दिवशी ते जागेवर उतरलं पाहिजे, नाहीतर ट्रेलर परत घेऊन जाणार. ठरलेली जागा म्हणजे हौशीरामाचं शेत, आणि तिथे निर्मलावहिनींनी कांदा लावून ठेवलेला.

“कांदं निघाल्याबिगर पंखसुदिक टेकवायचा न्हाई,” वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

राहिला बैलगाडा शर्यतीचा घाट. तिथे यात्रा कमिटीचे अध्यक्ष दादाभाऊ आडवे आले.

“घाटात थारा फक्त बारी लावणाऱ्याला. नियम हाय.”

बारी म्हणजे बैल जुंपून गाडा चढावरून निशाणापर्यंत पळवायचा.

“दादाभाऊ, हे विमान हाय.”

“मंग? बैलं न्हाईत म्हणा की.”

“तुमची द्या.”

आपली बैलं कुणी मागितली की दादाभाऊ विरघळतात. त्यांच्या बैलांची बारी नेहमी ‘बसायची’, म्हणजे निशाण पार करायची; कधी अर्धवट राहिली नव्हती. विमान घाटाच्या पायथ्याशी उतरवलं, पुढे चार बैल जुंपले, नाकावर भंडारा उधळला. हौशीराम पायलटच्या जागेवर चढून बसला; उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच. भोंग्यावरून बाऱ्या पुकारणारा अमृत ओरडू लागला, “पावणं, बाजूला व्हा. गाड्याला पंख हायेत, आपापली मुंडकी सांभाळा.”

झेंडी पडली. मागून अर्ध्या गावाने रेटा दिला. विमान हललं, चढलं आणि निम्म्या घाटात मऊ मातीत रुतलं. बैलांनी मागे वळून काय ओढतोय ते पाहिलं आणि खाली बसले.

ट्रेलरचा ड्रायव्हर साखळी घेऊन पुढे आला. “चला, खाली ओढतो. मला उजेडात निघायचंय.”

हौशीरामाचा चेहरा काचेआड पांढरा पडला.

“चालू बारीला हात लावायचा न्हाई,” दादाभाऊ म्हणाले.

“मग संपणार कधी?”

“निशाण पार केल्यावर.”

“बैलं तर बसली, राव. म्हंजी बारी गेली तुमची,” गर्दीतून कुणीतरी टोचलं.

दादाभाऊंनी बसलेल्या बैलांकडे पाहिलं. मग तरातरा चढ चढून गेले, निशाण उपटलं, खाली आणलं आणि विमानाच्या नाकाच्या मागे रोवलं.

“नाक पार झालंय. बघा कुणाला बघायचं त्यांनी.”

कुणीच बघायला गेलं नाही. ड्रायव्हरने विमान जागेवर पोचल्याचा फोटो काढला आणि रिकामा ट्रेलर घेऊन निघून गेला. हौशीराम मात्र बराच वेळ खाली उतरेना. दार त्याला उघडता येत होतं, पण पायलटची जागा सोडवत नव्हती.

संग्रहालय तिथेच झालं. उद्घाटनाला पिंपळवंडीहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, “हे विमान कुठल्या लढाईत व्हतं?”

“लढाईचं पायलटला इचारा,” दादाभाऊ म्हणाले. “आमच्या घाटात मातूर बारी बसली.”